व्हीएमच्या जाळ्याला पत्ता कोणी नेमायचा?

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हा प्रकार ठरलेल्या वेळी होतो. लिनक्सच्या पीसीवर विद्यार्थ्याने एक व्हर्च्युअल मशीन उभी केलेली असते, तिच्यात इंटरनेट नीट चालत असते. पुढची पायरी असते या व्हीएमच्या पोटात आणखी एक व्हीएम उभी करण्याची. विद्यार्थी आत लिबव्हर्ट हे व्हीएम सांभाळणारे सॉफ्टवेअर टाकतो, व्हीएम रीस्टार्ट करतो आणि लगेच हाक येते, ‘सर, नेट गेलं.’ केबल हलवून बघितली जाते, स्विच बंद-चालू होतो, शेवटी व्हीएम पुसून नवी केली जाते आणि नव्या व्हीएमचेही तेच होते. कारण एवढेच, की बाहेरच्या लिबव्हर्टने आपल्या व्हीएमना १९२.१६८.१२२.०/२४ हा सबनेट, म्हणजे पत्त्यांचा पट्टा, दिलेला असतो आणि आतल्या लिबव्हर्टलाही जन्मतः नेमका तोच हवा असतो.

मोठ्या कंपन्यांत या प्रश्नाकडे एक माणूस पगार घेऊन बघतो. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी तो प्रयोगशाळा सहायकाच्या गळ्यात पडतो. नांदेडला विष्णुपुरीत १९८१पासून श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. तिथेच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याचा उपपरिसर लातूरला आहे. लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, बिडवे अभियांत्रिकी आहे. जिल्ह्याच्या गावात शिकणाऱ्या मुलाला क्लाउड शिकायचे, तर सर्व्हरची रांग मिळेलच असे नाही. एका पीसीत चार यंत्रे आणि त्या चारांत आणखी दोन, अशी उतरंड रचूनच त्याला शिकावे लागते. त्यामुळे सबनेट आपोआप निवडण्याचा हा प्रश्न पुण्या-बंगळुरूपेक्षा इथे जास्त वेळा भेटतो.

मुळात हे पत्ते खासगी आहेत. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी 1918 या दस्तऐवजाने तीन पट्टे कुणाच्याही घरगुती वापरासाठी सोडून दिले: १०ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ मधले साडेदहा लाखांच्या घरातले आणि १९२.१६८चे ६५,५३६. हे पत्ते म्हणजे गावातले गट नंबर. गट नंबर १२२ कंधारच्या एखाद्या गावात असतो आणि औशाच्याही. दोन्ही सातबारे खरे असतात, कारण नंबराच्या आधी गावाचे नाव येते. भांडण तेव्हाच लागते, जेव्हा एकाच तलाठ्यापुढे गावाचे नाव न सांगता दोन्ही कागद येतात.

त्याच दस्तऐवजात एक सल्लाही आहे, तो फारसा कोणी वाचलेला नाही. पुढेमागे दोन संस्थांची जाळी जोडायची वेळ येऊ शकते, म्हणून या पट्ट्यांतून आपला भाग निवडताना तो यादृच्छिक, म्हणजे सोडत काढल्यासारखा निवडा, असे तिथे आग्रहाने सांगितले आहे. जगाने केले उलटेच. राउटर बनवणाऱ्यांनी १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० धरले. जिओफायबरचा डबा १९२.१६८.२९.१वर बसतो. जुन्या अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट १९२.१६८.४३.० देतो, आयफोनचा १७२.२०.१०.०, विंडोजचा १९२.१६८.१३७.०. सबनेट नेमणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला या गर्दीत जागा शोधावी लागते.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. प्रयोगशाळेतल्या साठही पीसींवर लिबव्हर्टचा सबनेट १२२चाच असला, तरी काहीही बिघडत नाही. प्रत्येक पीसी आपल्या व्हीएमचे पत्ते नॅटने झाकतो. शेजारच्या पीसीला ते दिसतच नाहीत. बिघाड होतो तो एकाच यंत्राच्या दोन्ही बाजूंना तोच पट्टा आला की. आतल्या व्हीएमचे उदाहरण घ्या. तिच्या नेटवर्क कार्डाला बाहेरून १२२चा पत्ता मिळालेला आहे, गेटवे १९२.१६८.१२२.१. आता तिच्यातल्या लिबव्हर्टने स्वतःचा ब्रिज उभा केला आणि त्याला पत्ता दिला तोही १९२.१६८.१२२.१. म्हणजे बाहेर जाण्याचे दार ज्या पत्त्यावर होते, तो पत्ता यंत्राचा स्वतःचाच झाला. शिवाय एकाच पट्ट्याकडे जाणारे दोन मार्ग झाले, तर ज्याचा मेट्रिक कमी तो जिंकतो. कर्नलने ब्रिजसाठी घातलेल्या मार्गाचा मेट्रिक शून्य असतो, नेटवर्कमॅनेजरने तारेच्या कार्डासाठी घातलेल्याचा सहसा १०० आणि वायफायचा ६००. ब्रिज जिंकतो, बाहेर जाणारे पॅकेट स्वतःच्याच अंगणात फिरत राहते.

हे निदान सोपे तरी आहे, कारण सगळेच बंद पडते. खरा त्रास अर्धवट टकरीचा. समजा, एखाद्या आवाराने अख्खा १९२.१६८.०.०/१६ एकाच मोठ्या जाळ्यासाठी घेतला आहे. तिथल्या लॅपटॉपवर १२२चा ब्रिज आला, तर अधिक नेमका मार्ग म्हणून /२४ला मान मिळतो आणि फक्त ते २५६ पत्ते गायब होतात. गुगल चालते, यूट्यूब चालते, फक्त एक प्रिंटर लागत नाही. असा प्रिंटर वर्षभर ‘खराब’ म्हणून पडून राहू शकतो.

सबनेट ठरवण्याच्या आजवरच्या पद्धती पाहिल्या, तर त्यांच्यातला महत्त्वाचा फरक ‘कोणता’ आकडा यापेक्षा ‘कधी’ निवडला यात आहे.

काहींनी निवडच केली नाही. व्हर्च्युअलबॉक्सचे नॅट १०.०.२.० हा पट्टा देते, गेस्टला १०.०.२.१५ मिळतो, क्यूएमूच्या साध्या जाळ्याचाही पट्टा तोच. दोघांचे सहसा निभावते, कारण हे नॅट प्रोग्रॅमच्या आतच चालते, होस्टवर ब्रिज किंवा मार्ग उभा राहत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली जाळ्याची गोष्ट वेगळी. ते १९२.१६८.५६.०वर असते आणि होस्टवर खरोखरचे इंटरफेस बनवते. ऑक्टोबर २०२१च्या ६.१.२८ या आवृत्तीने लिनक्स आणि मॅकवर १९२.१६८.५६.०/२१च्या बाहेरचा पट्टा मूळ सेटिंगमध्ये नाकारायला सुरुवात केली, तेव्हा व्हीएम उभारणाऱ्या व्हेग्रंटच्या जुन्या फायलींमधला १९२.१६८.३३.१० एका रात्रीत चालेनासा झाला. स्थिर आकड्याची सवय लागलेल्यांना तो आकडा स्थिर नसल्याचे असे कळते.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनने बसवतानाच मोकळा सबनेट शोधायची रीत घातली. इन्स्टॉलर विचारतो, मी मोकळा खासगी सबनेट धुंडू का. हो म्हटले की १९२.१६८च्या पट्ट्यात चाचपणी करून दोन आकडे ठरवतो, एक नॅटसाठी आणि एक होस्ट-ओन्लीसाठी. डेस्कटॉपसाठी ही रीत पुरेशी होती. फेडोरानेही लिबव्हर्टच्या पॅकेजमध्ये हेच केले. पॅकेज बसताना एक छोटी स्क्रिप्ट यंत्राची मार्गांची यादी वाचते. तिच्यात १९२.१६८.१२२.०/२४ दिसला, तर १२४पासून २५४पर्यंत एकेक आकडा तपासते आणि पहिला रिकामा घेते. १२३ मुद्दाम वगळलेला, कारण हीच टक्कर टाळायला काहींनी बाहेरच्या होस्टचे जाळे आधीच हाताने १२३वर नेलेले होते. ही काळजी कौतुकाची आहे. पण तुलना अक्षरशः होते. /१६च्या पोटात १२२ येतो, हे या स्क्रिप्टला कळत नाही.

आणि बसवताना म्हणजे कुठे? आपल्या प्रयोगशाळांत साठ पीसींवर साठ वेळा कोणी लिनक्स बसवत नाही. एका पीसीवर सगळे लावून त्याची इमेज उरलेल्यांवर मारली जाते. म्हणजे निवड एकाच यंत्राने, एकाच दिवशी, एकाच खोलीतले जाळे बघून केली. बाकी ५९ यंत्रे तिची नक्कल घेऊन दुसऱ्याच जाळ्यात उठतात. वितरकांच्या तयार इमेजींचेही तसेच. ज्या यंत्रावर इमेज बनली ते स्वतःच १२२च्या जाळ्यातली व्हीएम असेल, तर तिच्यात १२४ कोरला जातो. फेडोराच्या अनेक यंत्रांवर १२४ दिसतो तो यामुळे. मग तीच फेडोरा होस्टवरही असेल आणि आतही असेल, तर १२२चे भांडण १२४वर जाते, मिटत नाही. बसवतानाची निवड ही पद्धत म्हणूनच माझ्या मते कालबाह्य आहे. सीडीवरून एकेक पीसी बसवण्याच्या काळाची ती आहे.

मायक्रोसॉफ्ट दुसऱ्या टोकाला गेले. विंडोज १०च्या २०१७च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून हायपर-व्हीला ‘डिफॉल्ट स्विच’ मिळाला. तो होस्ट सुरू होताना १७२ने सुरू होणाऱ्या खासगी पट्ट्यात भोवतालच्या जाळ्याशी न भिडणारा सबनेट शोधतो; विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीनेही हाच मार्ग धरला. टक्कर कमी झाली, पण पत्ता दर रीस्टार्टला बदलू लागला. ज्याने व्हीएमचा आयपी डेटाबेसच्या सेटिंगमध्ये किंवा होस्टच्या फायलीत लिहून ठेवला, त्याचे काम दुसऱ्या दिवशी मोडले. सप्टेंबर २०२३मध्ये डब्ल्यूएसएलला ‘मिरर्ड’ प्रकार देऊन वेगळ्या सबनेटची गरजच काढून टाकायचा प्रयत्न झाला. रोज नवा पत्ता देणाऱ्या स्वयंचलित निवडीपेक्षा मला लिबव्हर्टचा हट्टी १२२ परवडतो. त्याची टक्कर निदान एकदाच शोधावी लागते.

मधला मार्ग कंटेनरवाल्यांनी काढला. डॉकर स्वतःचा ब्रिज १७२.१७.०.०/१६वर ठेवतो आणि पुढचे प्रत्येक जाळे बनवताना ठरलेल्या साठ्यातून पहिला मोकळा तुकडा घेतो: आधी १७२.३१पर्यंतचे /१६, मग १९२.१६८मधले /२०. मूळ ब्रिज धरून एकूण ३१ जाळी. एका वर्गासाठी एकच सर्व्हर असेल आणि प्रत्येक गटाने आपले जाळे उभे केले, तर एकतिसाव्या गटाला ‘मोकळा पट्टा सापडत नाही’ हा निरोप मिळतो. साठा बदलण्याची सोय १८.०६ या आवृत्तीपासून आहे, पण ती वापरणारे कमी. पॉडमनने १०.८८.०.०/१६ मुख्य धरला आणि पुढच्या जाळ्यांना १०.८९पासून एकेक /२४ दिला. हा हिशेब जास्त काटकसरीचा. डॉकरच्या आकड्यांचा फटका जर्मनीच्या आयसीई गाड्यांतल्या प्रवाशांनाही बसला. त्या गाड्यांचे वायफाय १७२.१८चा पट्टा वापरी आणि डॉकरने बनवलेले पहिले जाळेही तोच, त्यामुळे लॅपटॉपवर लॉगिनचे पान उघडेना. डॉकर जाळे बनवताना भोवताली बघतो खरा. पण जाळे बनते घरी आणि गाडी भेटते नंतर.

निवडीच्या क्षणी यंत्राला जे दिसते, तेवढ्यावरच ते ठरवू शकते. नंतर येणारे व्हीपीएन किंवा हॉटस्पॉट त्याला दिसत नाहीत. आपल्याकडे ही अडचण भारनियमनामुळे आणखी टोकदार होते. वीज गेली आणि आली, की सगळे पीसी एकदम उठतात. आवाराचा मुख्य स्विच, राउटर, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर यांना उठायला पीसीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या मधल्या काळात पीसीतला लिबव्हर्ट मार्गांची यादी उघडतो, तर ती रिकामी. मोकळे रान बघून तो हवा तो पट्टा घेतो आणि दोन मिनिटांनी डीएचसीपीकडून नेमका तोच येतो. लिबव्हर्ट जाळे सुरू करताना टक्कर तपासतो आणि अगदी तोच पट्टा आधी दिसला तर जाळे सुरू करायला नकार देतो. पण ही तपासणी त्या क्षणापुरती. म्हणून बूटच्या वेळची निवड करायचीच, तर बाहेरचे जाळे येईपर्यंत थांबायला हवे, आणि ते कधीच आले नाही तर काय, हेही आधी ठरवून ठेवायला हवे.

या बाबतीत सर्वांत शहाणे उदाहरण खिशात सापडते. अँड्रॉइडने ११व्या आवृत्तीपासून हॉटस्पॉटचा ४३ सोडला. फोन आता आपल्या बाहेरच्या जाळ्यांशी न भिडणारा पट्टा निवडतो आणि पुढे एखादे जाळे त्याच पट्ट्याचे आले, तर ती टक्कर ओळखून हॉटस्पॉट नव्या पट्ट्यावर उभा करतो. हॉटस्पॉटवरच्या दोन-चार उपकरणांना पुन्हा जोडणी घ्यावी लागते, इतकेच. व्हीएमच्या बाबतीत एवढे सहज जमत नाही. चालू व्हीएमकडे जुन्या पट्ट्यातला डीएचसीपीचा पत्ता असतो, ब्रिज बदलला तरी तिला ते कळत नाही आणि तिच्यात कोणी सहा तासांचे काम लावलेले असू शकते. चालू जाळे मुकाट्याने बदलणे हा गुन्हाच समजावा. टक्कर झाली तर स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि पट्टा पुढच्या सुरुवातीला बदलावा.

उरली यादृच्छिक निवड. कंटेनर आणि व्हीएम चालवणारा एलएक्सडी पहिल्यांदा सुरू करताना १०च्या विशाल पट्ट्यातला कुठलाही /२४ सोडतीने उचलतो आणि लिहून ठेवतो. इथे गणित उपयोगी पडते. १९२.१६८मध्ये /२४चे सबनेट २५६च आहेत. त्यांतून २० यंत्रांनी स्वतंत्रपणे एकेक उचलला, तर कुठल्या तरी दोघांचा आकडा जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आणि ३० यंत्रांत ती ८३ टक्क्यांच्या आसपास. १०च्या पट्ट्यात असे सबनेट ६५,५३६ आहेत. तिथे ६० यंत्रांत ही शक्यता पावणेतीन टक्क्यांच्या जवळ राहते आणि निम्म्यावर यायला सुमारे ३०० यंत्रे लागतात. नॅटआड बसलेल्या व्हीएमना या आकड्यांशी देणेघेणे नाही. पण नांदेडच्या मुख्य परिसरातले आणि लातूरच्या उपपरिसरातले सर्व्हर व्हीपीएनने जोडून व्हीएमना थेट एकमेकींशी बोलू द्यायचे, असे कुणी ठरवले, तर हेच गणित आडवे येते.

क्लाउड कंपन्यांनी हा धडा ग्राहकांच्या खर्चाने शिकवला. ॲमेझॉन प्रत्येक खात्याला, प्रत्येक प्रदेशात १७२.३१.०.०/१६चेच तयार जाळे देते. मुंबई असो की २०२२च्या शेवटी आलेला हैदराबाद प्रदेश, आकडा एकच. अशी दोन तयार जाळी एकमेकांना जोडता येत नाहीत. गुगलचे ‘ऑटो’ जाळे १०.१२८.०.०/९मधून प्रत्येक प्रदेशाला ठरलेला /२० देते, म्हणून दोन ऑटो जाळीही जुळत नाहीत. गंभीर कामासाठी पट्टे स्वतः ठरवा, असे गुगलच सांगते. ओपनस्टॅकने मात्र नेमके ओळखले. तिथे प्रशासक सबनेटचा साठा ठरवतो आणि वापरणाऱ्याला त्यातला पुढचा तुकडा आपोआप मिळतो; ही सोय २०१५च्या किलो आवृत्तीपासून आहे. साठा माणसाने ठरवायचा आणि वाटप यंत्राने करायचे, ही विभागणी मला सर्वांत पटते.

आयपीव्ही6मध्ये हा प्रश्न जवळपास संपतो. २००५च्या आरएफसी 4193ने खासगी पत्त्यांसाठी ४० बिटांचा यादृच्छिक आकडा सक्तीचा केला. दहा हजार जाळी जोडली, तरी टकरीची शक्यता लाखात पाचांच्याही आत राहते. भारतात मोबाइलवर आयपीव्ही6 सर्रास चालते. तरी प्रयोगशाळांतली जुनी सॉफ्टवेअरे, प्रिंटर आणि पाठ्यक्रमाची प्रात्यक्षिके आयपीव्ही4 सोडत नाहीत, म्हणून आणखी काही वर्षे दोन्ही पत्ते बाळगावे लागतील.

माझा निष्कर्ष असा. व्हीएमच्या जाळ्याने सबनेट पहिल्या सुरुवातीला निवडावा, बसवताना नाही आणि दर बूटला तर नाहीच. निवडताना नुसता जुळणारा पट्टा न बघता पोटात येणारा आणि पोटात घेणारा, दोन्ही तपासावेत. निवडलेला आकडा लिहून ठेवावा आणि टक्कर झाली तरच बदलावा. १००.६४चा पट्टा मोकळा दिसतो म्हणून घेऊ नये. तो २०१२पासून सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नॅटसाठी राखलेला आहे. सॉफ्टवेअर हे सगळे करील तेव्हा करील. तोवर साठा ठरवण्याचे काम आपले.

नांदेड-लातूरच्या विभागप्रमुखांना एक सुचवतो. आवाराच्या जाळ्यात १०.२०० ते १०.२१९ हा भाग कुठेही वापरात नसेल, तर तो फक्त व्हीएमसाठी राखा. प्रयोगशाळा ३मधल्या १७ क्रमांकाच्या पीसीला १०.२०३.१७.०/२४ आणि त्याच पीसीवरच्या व्हीएमच्या आतल्या जाळ्याला १०.२१३.१७.०/२४. नऊ प्रयोगशाळांपर्यंत हा हिशेब पुरतो आणि पीसीवरचे स्टिकर वाचून सबनेट सांगता येतो. इमेज मारून झाल्यावर प्रत्येक पीसीवर हा आकडा भरणारी दहा ओळींची स्क्रिप्ट तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला लिहिता येईल. तिलाच प्रात्यक्षिकाचे गुण द्या. पट्ट्यांची नोंद स्टॉक रजिस्टरशेजारी एका वहीत ठेवा आणि सहायकाची बदली झाली तर चार्ज देताना ती वही पुढच्याच्या हातात सही घेऊन द्या.